विधेयक पडू द्या, पण मताला टाका

नाशिकच्या खासदाराने पाच वर्षांत काय केले, असे कुणालाही विचारा. उत्तराचा साचा ठरलेला असतो. पुण्याची रेल्वे आणली का, विमानांच्या फेऱ्या वाढवल्या का, द्वारका चौकातली कोंडी सोडवली का, सिंहस्थासाठी दिल्लीहून किती निधी आणला. ही कामे नकोत असे कोण म्हणेल? पण यांतली काही महापालिकेची आहेत, काही राज्य सरकारची, आणि उरलेली दिल्लीतल्या एखाद्या मंत्रालयाच्या मर्जीवरची. त्यासाठी खासदार पत्र देऊ शकतो, मंत्र्याला भेटू शकतो, भेटीचा फोटो टाकू शकतो. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी त्याच्या हातात असतो, त्यातून समाजमंदिरे आणि हायमास्ट दिवे उभे राहतात. ज्या कामासाठी आपण त्याला निवडून देतो ते मात्र कायदे करण्याचे आहे. त्याने स्वतः किती विधेयके मांडली आणि त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रचारसभेत विचारला गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

त्याचे एक कारण सरळ आहे. विधेयक मांडणे हे सरकारचे काम, अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात संसदेच्या दोन्ही सभागृहांतला कोणताही सदस्य विधेयक मांडू शकतो. मंत्र्याने मांडले तर ते सरकारी विधेयक; मंत्री नसलेल्या कोणाही सदस्याने मांडले तर ते खासगी. विधिमंडळाच्या कागदांत त्याला अशासकीय म्हणतात. इथे पक्ष बघितला जात नाही. सत्ताधारी पक्षाचा मागच्या बाकावरचा खासदारही या हिशेबात खासगीच, आणि राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यसभा सदस्यही. उलट मंत्री झाला की हा हक्क जातो. यशवंतराव चव्हाण 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले ते संरक्षणमंत्री असतानाच. दिंडोरीच्या भारती पवार 2021 मध्ये राज्यमंत्री झाल्या, तेव्हापासून त्याही या रांगेतून बाहेर पडल्या. जिल्ह्याला मंत्रिपद मिळाल्याचे पेढे आपण वाटतो. त्याबरोबर स्वतंत्रपणे विधेयक मांडणारा एक माणूस कमी झाला हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बाकी कुणालाच हा हक्क नाही. राष्ट्रपती प्रत्येक कायद्यावर सही करतात, पण विधेयक मांडू शकत नाहीत. न्यायालय कायदा रद्द करू शकते, नवा मांडू शकत नाही. तुमच्या-माझ्यासारख्याने फार तर याचिका समितीकडे अर्ज करावा. स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत एक लाख सह्या गोळा केल्या की नागरिकांना राज्यघटनेतली दुरुस्ती थेट सार्वमताला टाकता येते. आपल्याकडे लाखांचा मोर्चा काढला तरी शेवटी निवेदनाच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मिळतो, तोही मागून घ्यावा लागतो. म्हणून सरकारच्या मनात नसलेला विषय कायद्याच्या भाषेत संसदेसमोर न्यायचा असेल तर खासगी विधेयक हीच एक वाट उरते.

आता ही वाट कशी आहे ते पाहू. महिनाभर आधी सूचना द्यायची. विधेयकाचा मसुदा, सोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन, तिजोरीतून खर्च होणार असेल तर त्याचा अंदाज देणारे वित्तीय ज्ञापन. इथवर अवघड काही नाही; दोन-तीन पानांतही विधेयक बसते. मग लोकसभेत शुक्रवारची दुपार, साडेतीनची वेळ. एका शुक्रवारी विधेयके, पुढच्या शुक्रवारी ठराव, अशी पाळी असते. पीठावर बहुधा अध्यक्षांऐवजी तालिकेवरचे, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत कामकाज चालवायला नेमलेल्या सदस्यांपैकी, कोणी बसलेले. नाव पुकारले जाते, सदस्य उभा राहतो, विधेयक मांडण्याची अनुमती मागतो, आवाजी 'होय' होते, सदस्य 'मी विधेयक मांडतो' म्हणतो आणि बसतो. मिनिटभरात आटोपते. लगेच पुढचे नाव. अशी डझनावारी विधेयके अर्ध्या तासात मांडून होतात. बाकांवर तुरळक माणसे असतात, कारण शुक्रवार संध्याकाळची विमाने पकडायला अनेकजण आधीच निघालेले असतात. दुसऱ्या दिवशी मतदारसंघातल्या दैनिकात बातमी येते की अमुक यांनी अमुक विषयावर विधेयक मांडले, आणि कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हार-तुऱ्यांच्या इमोजींचा पाऊस पडतो.

त्यानंतर सोडत. चर्चेला कोणते विधेयक आधी घ्यायचे ते चिठ्ठ्यांवर ठरते, आणि अडीच तासांच्या त्या वेळात पहिल्या क्रमांकाचे विधेयक संपेपर्यंत दुसऱ्याचा नंबर लागत नाही. सतराव्या लोकसभेत, म्हणजे 2019 ते 2024 या काळात, सातशेहून अधिक खासगी विधेयके मांडली गेली. त्यांतली चर्चेला आली दोन. हे कसे घडते याचे उदाहरण त्याच लोकसभेत सापडते. जनार्दन सिंह सिग्रीवाल यांचे सक्तीच्या मतदानाचे विधेयक 2019 मध्ये मांडले गेले. त्यावरची चर्चा अधिवेशनामागून अधिवेशन चालू राहिली, वेळ वाढवून दिला गेला, आणि 2022 च्या पावसाळी अधिवेशनात मंत्र्यांचे उत्तर झाल्यावर विधेयक मागे घेण्यात आले. सिग्रीवाल सत्ताधारी भाजपचेच. तीन वर्षे एक विधेयक रांगेच्या तोंडाशी उभे, मागे शेकडो, आणि शेवटी मतदान नाहीच.

मागे घेणे ही या सगळ्या प्रकाराची खरी गोम आहे. विधेयकावर भाषणे होतात, काही खरोखर अभ्यासू असतात. शेवटी मंत्री उठतात, सदस्यांचे कौतुक करतात, विषय महत्त्वाचा आहे, सरकार त्याचा विचार करीतच आहे, तेव्हा त्यांनी विधेयक मागे घ्यावे अशी विनंती करतात. सदस्य सभागृहाची अनुमती घेऊन मागे घेतात. सगळे खूश. सरकारला नाही म्हणावे लागले नाही, सदस्याला हरावे लागले नाही, आणि बाकीच्या पाचशेहून अधिक जणांना त्या विषयावर हो की नाही हे सांगावे लागले नाही.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. खासगी विधेयके मंजूर होत नाहीत, अशी ओरड दर काही वर्षांनी होते. 1952 पासून फक्त चौदा कायदे झाले आणि 1970 नंतर एकही नाही, हा आकडा प्रत्येक लेखात असतो. आकडा खरा आहे, पण त्यावर फार छाती पिटण्यात अर्थ नाही. संसदीय पद्धतीत सरकार म्हणजेच लोकसभेतले बहुमत. बहुमताला नको असलेले विधेयक पडणार, हे उघड आहे आणि त्यात काही चूकही नाही. ते मताला न येता विरून जाते, ही मात्र चूक आहे. विधेयक मांडण्याचा हक्क घटनेने दिला, तर ते हरण्याचा हक्कही त्यातच आला पाहिजे. उघडपणे, नावानिशी हरण्याचा.

हरण्यातून काय साधते, असे कुणी विचारले तर गोखल्यांकडे बोट दाखवावे लागेल. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 16 मार्च 1911 रोजी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते सरकारचे कोणी नव्हते, बिनसरकारी सदस्य होते. विधेयक अगदी सावध होते. जिथे आधीच बऱ्यापैकी मुले शाळेत जातात तिथेच, आणि तेही स्थानिक संस्थेला वाटले तर, मुलांसाठी सक्ती करावी. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेने आणि दोन वाटे सरकारने उचलावेत. मते मागवायला ते देशभर फिरवले गेले. प्रांतिक सरकारांनी नाके मुरडली, जमीनदारांना शेतमजुरांची पोरे शाळेत जाण्याची धास्ती वाटली. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ते प्रवर समितीकडे, म्हणजे तपासणीसाठी निवडक सदस्यांच्या समितीकडे, पाठवावे या प्रस्तावावर दोन दिवस चर्चा झाली आणि 19 मार्च 1912 रोजी मतदान झाले. बाजूने 13, विरोधात 38.

विधेयक पडणार हे गोखल्यांना पक्के ठाऊक होते. सरकारी सदस्यांचे बहुमत समोर बसलेले दिसत होते. तरी त्यांनी मतदान होऊ दिले. परक्या सरकारच्या कौन्सिलात, जिथे विरोधकाला काडीचा अधिकार नव्हता, तिथे सामान्य सदस्याचे विधेयक वर्षभर लोकांपुढे राहिले, त्यावर दोन दिवस वाद झाला आणि तेरा नावे एका बाजूला व अडतीस दुसऱ्या बाजूला लिहिली गेली. सहाच वर्षांनी विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांताच्या कौन्सिलात तोच विषय पुन्हा आणला, तोही खासगी सदस्य म्हणून, आणि 1918 मध्ये नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. तेरा मतांचा पराभव वाया गेला नाही, एवढे यावरून म्हणता येते.

दुसरे उदाहरण थेट नाशिकला येऊन भिडते. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे मंदिराच्या दारांशी येऊन थांबली. लढा वर्षानुवर्षे चालला आणि दरवाजे उघडले नाहीत. हे सगळे आपल्याला पाठ असते. याच काळात दिल्लीत काय चालले होते ते क्वचितच सांगितले जाते. सी. एस. रंगा अय्यर या सदस्याने 1933 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मंदिर प्रवेशाचे खासगी विधेयक आणले. तेव्हा असे विधेयक मांडायलाही व्हाइसरॉयची आगाऊ मंजुरी लागे. मद्रासच्या सुब्बरायन यांच्या तशाच विधेयकाला ती नाकारली गेली, रंगा अय्यरांना मिळाली. गांधीजींनी विधेयक उचलून धरले. आंबेडकरांनी फेब्रुवारी 1933 मध्ये निवेदन काढून पाठिंबा नाकारला. कारण विधेयकात असे होते की परिसरातल्या बहुसंख्य हिंदू मतदारांनी कौल दिला तर मंदिर उघडायचे. अस्पृश्यता हे पाप आहे असे विधेयक कुठेच म्हणत नाही, माणसाचा हक्क शेजाऱ्यांच्या बहुमतावर टांगून ठेवते, हा त्यांचा आक्षेप होता. काळारामापुढे लाठ्या खाल्लेल्यांना हा आक्षेप समजावून सांगावा लागला नसेल.

विधेयकाचे पुढे काय झाले? 1934 च्या निवडणुका जवळ आल्या, काँग्रेसवाल्यांचा उत्साह मावळला आणि रंगा अय्यरांना ते मागे घ्यावे लागले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. एका विधेयकाच्या माघारीमुळे ती झाली, असा सोपा संबंध मी जोडणार नाही. काळारामचा अनुभव त्याहून मोठा होता. पण विधेयक मताला पडले असते तर मंदिर प्रवेशाच्या बाजूने सभांत गळा काढणाऱ्यांपैकी कोण कुठे उभा राहतो, ते 1934 मध्येच छापून आले असते. माघारीने सगळ्यांची सोय झाली. मुंबई प्रांतातली मंदिरे कायद्याने खुली व्हायला 1947 साल उजाडले. सत्याग्रहाचे दादासाहेब गायकवाड 1957 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर निवडून गेले.

त्या काळात खासगी विधेयके फक्त पडतच होती असेही नाही. बालविवाहाला बंदी घालणारा 1929 चा शारदा कायदा हा हरविलास सारडा यांच्या खासगी विधेयकातून आला, मधे मोरोपंत जोशी समितीचा अहवाल झाला. इंग्रजांच्या राज्यात एका बिनसरकारी सदस्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. स्वतंत्र भारतातली गेल्या अर्धशतकातली पाटी कोरी आहे. ही तुलना थोडी अन्यायाची आहे हे मला कळते. तेव्हा निवडून आलेले सरकारच नव्हते, म्हणून लोकांचे जे काही कौन्सिलात पोहोचे ते खासगी सदस्यांमार्फतच. तरीही.

स्वातंत्र्यानंतरच्या चौदांपैकी एकाविषयी सांगितलेच पाहिजे. फिरोज गांधी यांनी 1956 मध्ये विधेयक आणले की संसदेत जे बोलले गेले त्याचा खरा वृत्तान्त छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला चालू नये. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. विधेयक मंजूर झाले. आणीबाणीत, 1976 मध्ये, त्यांच्याच पत्नीच्या सरकारने तो कायदा रद्द केला. 1977 मध्ये जनता सरकारने तो परत आणला, आणि पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण थेट राज्यघटनेत गेले. आज मराठी पेपरात संसदेच्या कामकाजाची बातमी निर्धास्त छापली जाते, त्यामागे मागच्या बाकावरच्या एका खासदाराचा दोन पानी कागद आहे.

अलीकडचे उदाहरण 2015 चे. तिरुची शिवा यांनी राज्यसभेत तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक आणले. नेहमीप्रमाणे मंत्र्यांनी मागे घेण्याची विनंती केली. शिवा अडून बसले: मला मतदान हवे. 24 एप्रिल 2015 रोजी राज्यसभेने ते एकमताने मंजूर केले; पंचेचाळीस वर्षांत राज्यसभेने खासगी विधेयक मंजूर करण्याची ती पहिली वेळ. मंत्र्यांची विनंती नाकारली की काय होते, ते त्या दिवशी दिसले. विरोधात बोट वर करायला कुणीच तयार नव्हते! लोकसभेत ते पुढे सरकले नाही, सरकारने आपले वेगळे विधेयक आणले आणि 2019 मध्ये त्याचा कायदा झाला. तो शिवांच्या मसुद्यापेक्षा तोकडा आहे, अशी त्या समाजाची तक्रार आजही आहे. पण तो निदान आहे.

मतदानाने कधी कधी न मागितलेली माहितीही मिळते. डिसेंबर 2022 मध्ये किरोडीलाल मीणा यांनी राज्यसभेत समान नागरी कायद्याचे खासगी विधेयक मांडले. मांडण्यालाच विरोध झाला, एरवी होत नाही, आणि मतविभागणी झाली: 63 बाजूने, 23 विरोधात. एकूण जागा 245. म्हणजे ज्या विषयावर देशभर रान पेटते त्या विषयावर निम्म्याहून जास्त सभागृह मतदानात नव्हते. तुम्ही त्या कायद्याच्या बाजूचे असा की विरोधातले, ही गैरहजेरी तुम्हाला कळायला हवी होती आणि कळली, ती मतदान झाले म्हणून.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की खासगी विधेयके म्हणजे निव्वळ प्रसिद्धीचा खेळ. कुणी शहराचे नाव बदला म्हणतो, कुणी आणखी काही. अशा पोरकट विधेयकांवर सभागृहाचा वेळ का घालवायचा? आक्षेप खोटा नाही. पण हा खेळ फुकट आहे म्हणूनच चालतो. मांडल्याबद्दल टाळ्या मिळतात आणि मतदान कधीच होणार नाही याची खात्री असते, मग सातशे विधेयके येणारच. आपले विधेयक खरोखर मताला पडेल आणि त्याला बारा मते मिळाल्याचे गावभर होईल, ही भीती असेल तर माणूस दहादा विचार करील, मसुदा वकिलाला दाखवील, इतर पक्षांच्या चार जणांशी बोलेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो मला मान्य आहे. कराला हात घालणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही आणि राज्यसभेत तर मांडताच येत नाही. संचित निधीतून खर्च होणार असेल तर शिफारशीशिवाय ते मंजूर करता येत नाही. राष्ट्रपतींची शिफारस म्हणजे व्यवहारात सरकारची संमती. ज्याने तिजोरी सांभाळायची त्यानेच खर्चाचा प्रस्ताव आणावा, हा नियम शहाणपणाचा आहे, नाहीतर दर शुक्रवारी कर्जमाफी मंजूर होईल. अडचण एवढीच की आजकाल कुठलाही कायदा म्हटला की प्राधिकरण आले, आयोग आला, म्हणजे खर्च आला, आणि मग विधेयकाची दोरी पुन्हा मंत्रालयाच्या हाती.

तिसरी अडचण व्हिपची, म्हणजे पक्षादेशाची. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. विश्वासदर्शक ठराव आणि आर्थिक विधेयके यांसारख्या मोजक्या गोष्टींपुरताच व्हिप चालावा, असे विधेयक काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी पुन्हा पुन्हा मांडले आहे. तेही खासगी आहे, तेव्हा त्याचे काय होणार ते वेगळे सांगायला नको.

बाहेर काय चालते? अमेरिकेत विधेयक मांडण्याचा हक्क फक्त काँग्रेसच्या सदस्यांना आहे. खुद्द राष्ट्राध्यक्षालाही आपले विधेयक मांडायला एखादा सदस्य गाठावा लागतो. मांडणाऱ्याखाली इतर सदस्य सहप्रस्तावक म्हणून नावे नोंदवतात, त्यामुळे मतदानाआधीच पाठिंबा कुणाचा ते दिसते. तिथेही हजारो विधेयके समित्यांत कुजतात. मात्र प्रतिनिधीगृहाच्या 435 पैकी 218 सदस्यांनी सह्या केल्या तर अडकलेले विधेयक समितीतून बाहेर काढून मताला आणता येते. ब्रिटनमध्येही सोडत आहे, शुक्रवारच आहे, लांबण लावून विधेयक मारण्याची जुनी कलाही आहे. पण 1967 चा गर्भपाताचा कायदा डेव्हिड स्टील या साध्या खासदाराच्या विधेयकातून आला, आणि इच्छामरणाचे किम लेडबीटर यांचे विधेयक नोव्हेंबर 2024 मध्ये 330 विरुद्ध 275 अशा मतांनी पुढे सरकले, पक्षादेश नसताना. सरकारला अवघड वाटणारे प्रश्न तिथे या वाटेने सोडले जातात. आपल्याकडे ते न्यायालयाच्या दारात सोडले जातात, आणि मग न्यायाधीश कायदे करतात म्हणून आपण कुरकुरतो.

म्हणून मागणी छोटी ठेवावी. पन्नास सदस्यांनी, निदान तीन पक्षांच्या, सह्या केल्या तर त्या खासगी विधेयकाला सोडतीशिवाय वेळ मिळावा. चर्चेला कमाल दोन शुक्रवार, वाढवून मिळणार नाहीत, आणि दुसऱ्या शुक्रवारी नावानिशी मतदान. अशा मतदानाला व्हिप नको. पहिल्या दोन गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहाच्या नियमांत बदल पुरेसा आहे. व्हिप तर पक्षांनी काढलाच नाही तर नसतो.

हे नाशिककरांनी का मागावे, तर दोन प्रसंग आठवा. 6 मार्च 2018 रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला आणि 12 मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. वनजमिनी, कर्जमाफी, हमीभाव. पायांची सालटी निघालेल्या बायांचे फोटो जगभर गेले. राज्य सरकारने लेखी आश्वासने दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हातकणंगल्याचे खासदार राजू शेट्टी यांनी लोकसभेत दोन खासगी विधेयके मांडली, एक शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचे, दुसरे हमीभावाच्या कायदेशीर हक्काचे. मसुदे देशभरच्या शेतकरी संघटनांनी एकत्र बसून तयार केले होते आणि अनेक पक्षांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला होता. 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयके आपोआप मेली. जाहीर पाठिंबा देणाऱ्या पक्षांपैकी कोणी प्रत्यक्षात मत दिले असते हे कोणालाच कळले नाही. त्या पक्षांनाही ते बरेच वाटले असावे, अशी मला दाट शंका आहे.

दुसरा प्रसंग कांद्याचा. 7 डिसेंबर 2023 ची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. लासलगाव, पिंपळगावला ट्रॅक्टर उभे, लिलाव बंद पडलेले, भाव कोसळलेले. बंदी उठली ती मे 2024 च्या सुरुवातीला, लोकसभेची निवडणूक चालू असताना, आणि तिच्या जागी चाळीस टक्के निर्यातशुल्क आलेच. या पाच महिन्यांत चांदवडला रास्ता रोको झाला, निवेदने गेली, खासदारांना गावोगाव जाब विचारला गेला. कायद्यात काय बदल हवा, हे मात्र कुणी विचारले नाही.

ही बंदी संसदेने घातली नव्हती. 1992 च्या परकीय व्यापार कायद्याच्या तिसऱ्या कलमाने केंद्र सरकारला राजपत्रात आदेश काढून कोणत्याही मालाची निर्यात रोखण्याचा अधिकार आहे. एक सही पुरते. शुल्काचा प्रश्न कराचा, तिथे खासगी सदस्याचे हात बांधलेले. पण बंदीच्या कलमाला हात लावायला कर नाही, खर्चही नाही. शेतमालाच्या निर्यातबंदीचा आदेश तीस दिवसांत दोन्ही सभागृहांनी संमत केला नाही तर तो आपोआप संपेल, एवढे एक पोटकलम घाला. संसद बसलेली नसेल तर अधिवेशन सुरू झाल्यापासून तीस दिवस. विधेयक एका पानात मावते. नाशिकच्या किंवा दिंडोरीच्या खासदाराने ते मांडावे. कोणत्या पक्षाचा आहे याने काही बिघडत नाही, कारण निर्यातबंदीचा बडगा याआधी वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी उगारलेला आहे. नगर, पुणे, सोलापूर, धुळ्याच्या खासदारांच्या सह्या घ्याव्यात, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या कांदापट्ट्यांतल्याही.

विरोध होईल, आणि तो केवळ सरकारकडून होईल असे नाही. मुंबई-दिल्लीच्या खासदारांना महाग कांद्याचे मतदार सांभाळायचे आहेत. भाव भडकले असताना महिनाभर थांबायचे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्तही आहे, आणि त्याचे उत्तर सभागृहात उभे राहून द्यावे लागेल. विधेयक बहुधा पडेल. पण नावांची यादी छापली जाईल. त्यात महाराष्ट्रातले कोण विरोधात गेले आणि कोण त्या दिवशी सभागृहात फिरकलेच नाहीत, हे लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात यादी घेऊन मोठ्याने वाचता येईल.